जोडीदार बदल म्हणे!

आज दुपारी रनिंग ग्रुपवर रविवारच्या ट्रेल रेसचा, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतीचा, निकाल पडला आणि पाठोपाठ एका ज्येष्ठ धावपटूंचा मला उद्देशून मेसेज आला. "तुझा पेस उत्तम होता. पोडियम जोडीदारामुळे हुकलं. पुढच्या वर्षी जोडीदार बदल." पोडियम म्हणजे पहिल्या तिनातला नंबर. खाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय त्या माझ्या मोठ्या जाऊबाई त्याच ग्रुपवर आहेत, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आले तर त्या भरिताची वांगी भाजत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चुकीचं काय लिहिलंय त्यांनी?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. ग्रुपवर दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

ही रेस जोडीची होती. 50 किलोमीटर, तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यांपासून वर पठारावर आणि परत खाली. दोघांनी सोबत राहायचं, दुसरा माणूस कमानीखालून आला की तीच जोडीची वेळ. नाव नोंदवताना सगळ्यांनी हे वाचून सही केलीय. म्हणजे जो त्या घडीला हळू आहे त्याची चाल हीच जोडीची चाल. ज्याला हे जड जातं त्याच्यासाठी वैयक्तिक गट आहे, तिथे खुशाल सुसाट जावं.

आता ताईंमुळे, म्हणजे या जाऊबाईंमुळे, काय हुकलं ते सांगते. पठारावरून उतरताना दिवस मावळला होता. ओढा ओलांडताना ताईंचे दोन्ही पाय भिजले, अंगातला टीशर्ट घामाने आधीच ओला, आणि दरीतून वारा सुटलेला. जानेवारीतला सातपुड्याचा वारा काय असतो ते नंदुरबारकडच्या लोकांना सांगायला नको. मी म्हटलं, ताई, ओआरएस घ्या. त्यांना पुडी फाडता येईना. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून दात लावले, पुडी घसरली, पावडर ओठांवर सांडली आणि ती पुसायला त्यांचा हात वर येईना. मग त्या म्हणाल्या, "तू जाय व पुढे, मी येस मांगे मांगे."

हे वाक्य नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. "तिने स्वतःच जा म्हटलं, मग मी गेलो" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली उतरू लागलं की आधी हात बधिर होतात, मग जीभ जड होते, पाय अडखळतात. आणि ज्याला थंडी भरते त्याला स्वतःला ते कळेनासं होतं. तो म्हणतो मी ठीक आहे. म्हणून तर शेजारी दुसरा माणूस लागतो! जोडीदार म्हणजे फोटोत हात धरायला आणलेला माणूस नव्हे.

2021 च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वाऱ्यात सापडून 21 धावपटू गेले. त्यांत त्या देशातले अव्वल धावपटू होते. झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत आणून वाचवलं. तिथे मे महिना होता. आपण जानेवारीत, अंधारात, ओल्या मोज्यांनी उतरत होतो, आणि लोक मला पोडियमचं सांगतात.

मी ताईंचा ओला टीशर्ट काढून माझ्या पाठपिशवीतला कोरडा घातला, वरून ऊब धरणारी चंदेरी पन्नी गुंडाळली आणि बोलत ठेवत त्यांना पाड्यापर्यंत आणलं. एका पावरा कुटुंबाने शेकोटीपाशी जागा दिली. घरातल्या म्हाताऱ्या बाईने काही न विचारता ताईंचे बूट काढले, मोजे निखाऱ्यांजवळच्या दगडावर पसरले आणि गुळाचा कोरा चहा दिला. ताईंना स्वतःच्या हाताने कप धरता येईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. यात बराच वेळ गेला. तोवर महिला जोड्यांत आम्ही तिसऱ्या होतो, हेही खरं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तिथेच बसेन.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही. सकाळच्या चढाला कोण कुणाला ओढत होतं? ताई मला. पहाटेच्या अंधारात पहिल्याच चढावर मला धाप लागली, तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून एकसारखी चाल धरली आणि म्हणाल्या, "बोलू नको, माझ्या टाचा बघत चाल." यशवंत तलावाजवळच्या चेकपॉइंटला आम्ही वेळेच्या आत पोचलो ते त्यांच्या पायांवर. पिशवीतला गूळ-शेंगदाणा आणि कळण्याच्या भाकरीचे तुकडेही त्यांनीच बांधलेले. मला पळताना खायचं एनर्जी जेल पचत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. माझा पेस उत्तम होता म्हणे! कुणाच्या जिवावर होता?

मान्य, ताई सरावाला कधी कधी दांडी मारतात. घरी सासूबाईंचं दुखणं आहे, त्या तरी काय करतील. आणि कधी एकाने पुढे पळत जाऊन मदत आणणं शहाणपणाचं असतं, तेही मान्य. पण मदत आणायला जाणं वेगळं आणि पळ काढणं वेगळं.

कारण पळ काढलेलेही पाहिले. पाड्यावरून निघाल्यावर वाटेत एक मुलगा एकटा भेटला. छातीवरच्या बिबवर जोडीचा नंबर, गुडघा सुजलेला, हेडटॉर्च मिचमिच करतेय. जोडीदार कुठे? "पुढे गेला, फिनिशजवळ थांबतो म्हणाला." त्याला आम्ही सोबत घेतलं. जिला नुकती थंडी भरली होती त्या माझ्या ताईंनी आपली काठी त्याला दिली. शेवटच्या वळणावर त्याचा जोडीदार जॅकेट घालून शेकत उभा होता. दोघांनी हात धरून कमान ओलांडली, फोटो निघाला, दोघांना पदक. आज तोच फोटो ग्रुपवर "टीम स्पिरिट" लिहून फिरतोय. संताप होतो हो!

आपल्याकडून चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणारे जथे बघा. मागे पडलेल्या म्हातारीसाठी सगळा जथा सावलीत थांबतो, आणि तिच्यामुळे उशीर झाला असं गडावर पोचून कुणी बोलत नाही. मी लहानपणापासून हे बघत आलेय. तेच लोक बूट घातले की असे का होतात?

तो मेसेज लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. गावातल्या कितीतरी पोरांना त्यांनी पळायला लावलंय. म्हणूनच त्यांच्याकडून हे जास्त लागलं. माफी मागायची असेल तर ताईंची मागा, आणि ग्रुपवर.

आयोजकांना मात्र माझं थेट मागणं आहे. स्वीडनमध्ये 2006 पासून ओटिलो ही जोडीची पोहण्या-पळण्याची शर्यत होते. तिथे जोडीतल्या दोघांना पाण्यात एकमेकांपासून 10 मीटरपेक्षा लांब जाता येत नाही. आपल्याकडे नियम फक्त फॉर्मवर. पुढच्या वर्षी प्रत्येक चेकपॉइंटवर दोघांची नोंद एकत्र घ्या. एकटा आला तर दुसरा येईपर्यंत त्याला पुढे सोडू नका. आणि ओढ्यापलीकडच्या त्या उतारावर गरम पाणी व ब्लँकेट घेऊन माणूस बसवा. हे लेखी मिळालं की आम्ही दोघी त्याच दिवशी पैसे भरू, जोडी हीच. धुळे, शहादा, जळगावकडच्या ज्या जोड्यांना पटतंय त्यांनीही आयोजकांना उद्याच मेल टाका.