क्राकुवमध्ये शाकाहारी माणसाने जेवावं कुठे? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण मुद्द्याला धरून आहे. खाली दोन ओळी टाकून ती मिटवणं मला बरं वाटेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई जुलैतल्या एका शनिवार-रविवारी म्युनिकहून नवरा आणि दोन मुलांना घेऊन पोलंडमधल्या क्राकुवला आल्या. त्या शाकाहारी, नवरा सगळं खाणारा. माझ्या लेखात वाचून शनिवारी संध्याकाळी सातला त्या एका बार म्लेच्नीच्या, म्हणजे इथल्या साध्या खानावळीच्या, दारात पोचल्या, तर ते बंद. रविवारी दुसरीकडे बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मागवले, तर वर डुकराच्या चरबीचे परतलेले तुकडे. मुलांसाठी फळं घ्यायला गेल्या, तर सुपरमार्केट बंद. शेवटी चौकाजवळच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवण झालं. त्यावर त्यांचं म्हणणं असं: पोलिश जेवण म्हणजे मांस आणि बटाटा, तेही उन्हाळ्यात नकोसं होणारं. मी निव्वळ स्वस्त खाण्याचं कौतुक करते. दोन दिवसांच्या सहलीत रांगेत कोण उभं राहणार, त्यापेक्षा चौकात बसून सुखाने जेवावं. १५ ऑगस्टच्या सुट्टीला त्या पुन्हा येणार आहेत आणि तेव्हा सरळ इटालियन शोधणार आहेत.

आधी चरबीबद्दल, कारण ती गोष्ट साधी नाही. मीही मांस खात नाही, त्यामुळे ताटात ते तुकडे पाहून तुम्हाला काय वाटलं असेल ते मला सांगायला नको. त्यांना इथे स्क्वार्की म्हणतात. बटाटा आणि त्वारुग, म्हणजे इथलं ताजं पनीरसारखं चीज, भरलेल्या ‘पिएरोगी रुस्किए’वर कधी नुसता लोण्यात परतलेला कांदा घालतात, कधी स्क्वार्की. मेनूमध्ये ते प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं, कारण स्वयंपाक करणाऱ्याच्या दृष्टीने ती वरून घालायची फोडणी, पदार्थाचा भाग नव्हे. म्हणून मागवतानाच ‘बेझ स्क्वारेक’ म्हणायचं, म्हणजे स्क्वार्कीशिवाय. ‘बेझ म्येंसा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून भागत नाही. पुष्कळ लोक चरबीला मांसात धरत नाहीत.

अशा आणखी काही जागा आहेत. पारंपरिक पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये बसल्याबसल्या पाव, आंबवलेली काकडी आणि वाटीत काहीतरी पांढरं येतं. ते लोणी नसतं, स्मालेत्स असतं, डुकराची चरबी. ‘फासोल्का पो ब्रेतोन्स्कू’ ही टोमॅटोतली घेवड्याची उसळ दिसते, पण तिच्यात सॉसेज असतं. झुरेक या आंबट सूपमध्येही असतं. बीटाचं गरम सूप, बार्श्च, कुठे भाज्यांच्या पाण्यात करतात, कुठे मांसाच्या, तेव्हा विचारून घ्यायचं. मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, ओस्त्सिपेक, पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातलं, दूध फाडणारं रेनेट वापरून लावतात. हे ज्याला चालत नाही, त्याला आधी माहीत असायला हवं.

आता बार म्लेच्नी. शब्दशः ‘दुधाचा बार’. तो मी स्वस्त आहे म्हणून सुचवला, असं तुम्ही धरून चाललात. स्वस्त तो आहेच. पण मी तो सुचवते, कारण पोलंडमध्ये मुळातच मांसाला बाजूला ठेवून सुरू झालेलं जेवणाचं ठिकाण तेच आहे. १८९६ साली वॉर्सात पहिलं उघडलं, तेव्हा तिथे दूध, पीठ, अंडी आणि भाज्या यांचेच पदार्थ मिळायचे. पुढे कम्युनिस्ट राजवटीत ही ठिकाणं गावोगाव झाली. आज ती कमी उरली आहेत, आणि जी चालतात त्यांना सरकारी अनुदान मिळतं ते बिनमांसाच्या पदार्थांसाठी. फळ्यावर पोर्क कटलेट दिसतं, पण ते अनुदानात बसत नाही. म्हणजे तिथल्या स्वयंपाकघराला भाजी, दूध, पीठ यांचेच पदार्थ जास्त करण्याचं कारण आहे. कॅथलिक उपासाच्या दिवसांमुळे अशा पदार्थांची परंपराही जुनी आहे. कोबी-मशरूमचे पिएरोगी नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मांस वर्ज्य असलेल्या जेवणातले मानाचे.

तिथली पद्धत एकदा कळली की रांग वाटते तेवढी जड जात नाही. आधी गल्ल्यावर सांगायचं, पैसे भरायचे, पावती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची, पदार्थाचं नाव पुकारलं की ताट उचलायचं आणि जेवून झाल्यावर भांडी परत द्यायची. भाषा येत नसेल तर हवे ते पदार्थ फोनवर लिहून दाखवा. रांग पुढे सरकत राहते, कारण जेवून कोणी रेंगाळत नाही. रिनेकपासून, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापासून, वावेल टेकडीकडे जाणाऱ्या ग्रोद्झ्का रस्त्यावर ‘पोद तेमिदों’ आहे, अगदी पर्यटकांच्या वाटेवर, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते उन्हाळ्याबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मला मुळीच मान्य नाही: ‘पोलिश जेवण थंडीतच खावं’. पोलंडची जी प्रतिमा बाहेर पोचली आहे ती जानेवारीतली आहे. जून ते ऑगस्ट इथल्या ताटाचा रंगच वेगळा असतो.

ह्वोद्निक घ्या. कोवळं बीट पानांसकट शिजवून गार करायचं, त्यात केफिर, म्हणजे ताकासारखं आंबवलेलं दूध, किंवा विरजलेलं दूध, बारीक चिरलेली काकडी, मुळा, पातीचा कांदा आणि मूठभर शेपू. गडद गुलाबी, आंबटसर, गार. वर उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर ‘बेझ याय्का’ म्हणा. तीस अंश उन्हात चौकभर फिरून आल्यावर यापेक्षा चांगलं जेवण मला माहीत नाही. बरोबर नवे बटाटे, सालासकट नाहीतर नुसते खरवडून उकडलेले, वर लोणी आणि पुन्हा शेपू. शेजारी मिझेरिया, आपल्या काकडीच्या कोशिंबिरीसारखी, पण दह्याऐवजी आंबट साय घातलेली. साध्या घरगुती जेवणाच्या ठिकाणी हे तीन पदार्थ एकत्र मिळाले की मला आणखी काही लागत नाही. ज्यांना शेपू आवडत नाही त्यांनी मात्र आधीच सांगावं. इथे तो न विचारता सगळ्यावर पडतो.

मग जंगलातल्या गोष्टी. जुलैत यागोदी येतात, लहान गडद जांभळी फळं. सुपरमार्केटमधल्या मोठ्या ब्लूबेरींशी त्यांची गल्लत करू नका. ही आतूनही जांभळी असतात, खाल्ल्यावर जीभ रंगते. त्यांचे पिएरोगी करतात, वर साय आणि साखर. गोड पावातही भरतात, त्याला यागोजांका म्हणतात आणि बेकरीत तो सकाळी लवकर संपतो. इथे गोड पदार्थ हे दुपारचं पूर्ण जेवण असू शकतं, हे मुलांना फार आवडतं. स्ट्रॉबेरी आणि साय घातलेला पास्ता, सफरचंद-दालचिनीचा भात, गोड त्वारुग भरलेले नालेश्निकी, म्हणजे पातळ गव्हाचे घावन. तुमची मुलं पिझ्झ्याशिवाय काही खाईनात असं तुम्ही लिहिलंय. हे एकदा पुढे ठेवून बघा. याच दिवसांत कुर्की नावाची पिवळी रानटी मशरूम येतात, सायीत शिजवून बटाट्याबरोबर देतात. आणि बुब, ताजे हिरवे बाकल्याचे दाणे, नुसते मिठात उकडून लोण्याबरोबर. घरोघरी लोक हे सोलून खात बसतात.

चौकातल्या बहुतेक छापील, चित्रांच्या मेनूंमध्ये मोसमाचं यातलं फारसं काही दिसत नाही, कारण तो मेनू बारा महिने तोच असतो. रिनेक सुंदर आहे, १२५७ साली आखलेला, युरोपातल्या मध्ययुगीन चौकांमधला सगळ्यात मोठा. तिथे संध्याकाळी कॉफी घेऊन जरूर बसा, दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून वाजणारी तुतारी ऐका. पण ताटाचे पैसे तिथे जागेसाठी द्यावे लागतात. चार माणसांचं दोन वेळचं जेवण तिथे करायचं म्हणजे पैसे जास्त आणि मोसम हुकलेला. तुमचा मुक्काम दोनच दिवसांचा होता, म्हणून तर मला हे जास्त मनाला लागतं. दहा दिवस असते तर एखादं जेवण वाया गेल्याने काही बिघडलं नसतं.

भारतीय रेस्टॉरंटमध्ये गेलात यात मला काही गैर वाटत नाही. मुलं भुकेली, उन्हाने दमलेली, आणि ताटात चरबी सापडलेली. अशा वेळी वरणभात दिसेल तिथे जावं, मीही गेले असते. माझा आग्रह एवढाच की ती पाळी येऊ नये, आणि ती टाळणं बरंचसं वेळेवर अवलंबून आहे.

इथलं मुख्य जेवण, ओब्याद, दुपारी एक ते चारच्या दरम्यान होतं. बार म्लेच्नी त्यासाठीच असतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी बरीचशी बंद असतात आणि रविवारी काही उघडतच नाहीत. म्हणून शनिवारची दुपार सगळ्यात मोलाची. सकाळी निळ्या गाडीवरून ओब्वाझानेक घ्या, पीळ देऊन वळलेलं कडं, आधी उकडून मग भाजलेलं, वर खसखस, तीळ किंवा मीठ. ते याच शहराचं आहे, २०१० पासून युरोपियन संघाचं भौगोलिक मानांकन आहे त्याला. सकाळीच खा, दुपारनंतर ते चिवट होतं. तिथून स्तारी क्लेपाश या जुन्या मंडईत जा, रिनेकपासून चालत दहा मिनिटं. फळं, यागोदी, चीज, आंबवलेल्या काकड्या, सगळं तिथेच घ्या, रविवारची बेगमीही. मग बार म्लेच्नीत एकच्या सुमारास जेवण. संध्याकाळी काझिमिएश या जुन्या ज्यू वस्तीत, प्लाट्स नोव्ही चौकात. मधली गोल इमारत १९०० सालची, एकेकाळी तिथे कोंबड्या कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या, पद्धतीने कापत. आता तिच्या खिडक्यांतून झापिएकांका विकतात: लांब अर्धा पाव, मशरूम आणि चीज घालून भाजलेला, वर केचप. साधा प्रकार पूर्ण शाकाहारी असतो, आणि रात्री उशिरापर्यंत मिळतो. तुमच्या यजमानांनी आसपास माचांका शोधावी, पोर्क मंद शिजवून रश्शासकट पावात घालतात. ते खास क्राकुवचं. परतताना स्तारोविश्ल्ना रस्त्यावर ८३ नंबरला आइस्क्रीमसाठी रांग दिसेल. त्या रांगेत उभं राहा, ताई.

रविवारी सुपरमार्केट बंद का, हेही विचारलंत. २०१८ पासून तसा कायदा आहे, तो टप्प्याटप्प्याने कडक झाला आणि आता वर्षातले मोजके रविवार सोडले तर मोठी दुकानं बंदच असतात. रेस्टॉरंट, बेकऱ्या, आइस्क्रीमवाले यांना तो लागू नाही. कोपऱ्यावरची ‘झाब्का’, म्हणजे त्या साखळीचं छोटं दुकान, बऱ्याचदा उघडी सापडते; पाणी, दूध, पाव तिथे मिळतो, पण चांगल्या फळांची आशा ठेवू नका.

आता तुमची ऑगस्टची सहल. १५ ऑगस्टला तुमच्या बायर्न राज्यात, म्हणजे म्युनिकमध्येही, जी मारियेची, येशूच्या आईची, सुट्टी असते तीच पोलंडमध्येही असते, शिवाय तो इथला सैन्यदिन. २०२६ मध्ये ही तारीख शनिवारी येते. म्हणजे शनिवारी सुट्टीमुळे आणि रविवारी कायद्यामुळे, सलग दोन दिवस मोठी दुकानं बंद. बार म्लेच्नी आणि मंडई त्या दिवशी उघडी असतील असं धरून चालू नका, आणि रात्रीच्या जेवणासाठी टेबल आठवडाभर आधी राखून ठेवा, कारण पोलिश लोकही त्याच सुट्टीत क्राकुवला येतात. दिलासा एवढा की ऑगस्टच्या मध्याला रिनेकला लागूनच असलेल्या मावी रिनेक चौकात पिएरोगींचा उत्सव भरतो. यंदाच्या तारखा तेवढ्या तपासून घ्या. तिथे प्रत्येक टपरीवर सारण वेगळं असतं, यागोदीचं शोधा. जमलं तर म्युनिकहून शुक्रवारी पहाटेच निघा, म्हणजे दुपारी क्लेपाश उघडं असताना पोचाल. ऑगस्टात तिथे आलुबुखारही यायला लागलेले असतात, मुलांसाठी किलोभर घेऊन ठेवा.