पुरस्काराची बातमी येते, सिनेमा येत नाही

मे महिना आला की कान, सप्टेंबरला व्हेनिस आणि टोरंटो, जानेवारीत सनडान्स, असे परदेशातले फिल्म फेस्टिवल, आणि त्या त्या वेळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला वाद. कोणीतरी आपल्याकडच्या सिनेमाला पुरस्कार मिळाल्याच्या बातमीची लिंक टाकतं, चारपाच जण टाळ्या वाजवतात, मग एकजण लिहितो "काय नाय बे, गोऱ्यांना आपली गरिबी दाखवली की झालं, देतात पुरस्कार". त्यावर दुसरा, तो पुण्यात स्थायिक झालाय म्हणून थोडा वरच्या आवाजात, की आपल्या सोलापूरच्या पब्लिकला असले पिक्चर झेपतच नाहीत, यांना मारामारी आणि गाणी लागतात. आणि शेवटी मला टॅग, तू तिकडं राहतेस तू सांग. तर सांगते, पण ग्रुपवर एवढं लांब कोण वाचणार म्हणून इथं लिहितेय.

मी सोलापूरच्या साखर पेठेत वाढले, आता बरीच वर्षं इंग्लंडमधे शेफील्डला आहे. हे शहर स्टीलचं, म्हणजे होतं, आता कारखाने थोडेच उरलेत. पण दर जूनमधे इथं डॉक्युमेंट्रीचा मोठा फेस्टिवल भरतो, 1994 पासून चालू आहे, आणि स्टेशनच्या समोर एका जुन्या गाड्यांच्या शोरूममधे चार पडद्यांचं थिएटर आहे, त्याचं नाव पण शोरूमच. जगभरातले छोटे सिनेमे वर्षभर तिथं लागतात. मी जाते, नेहमी नाही, ड्युटी आणि मुलांच्या वेळेत बसलं तर.

आता पहिला मुद्दा, गरिबी विकण्याचा. हा आरोप अगदी खोटा आहे असं मी म्हणणार नाही, काही सिनेमे बघताना मलाही वाटतं की हा कॅमेरा कुणासाठी रडतोय. पण मग 'मशीन्स' नावाची डॉक्युमेंट्री बघा. राहुल जैन नावाच्या तरुण दिग्दर्शकाची, गुजरातमधल्या एका कापड कारखान्यावर, 2017 ला सनडान्सला तिच्या छायाचित्रणाला बक्षीस मिळालं. मी ती इकडेच थिएटरात पाहिली आणि सव्वा तास जागेवर गच्च बसून होते. माझे बाबा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचे, मला मागाचा आवाज लहानपणापासून झोपेत पण ओळखीचा, पण रंगाच्या टाक्या, तो ओला कपडा ओढणारी माणसं, मशीनपुढे उभ्या उभ्या पेंगणारा तो पोरगा, हे असं कुणी माझ्यासमोर धरून ठेवलेलं नव्हतं. मागे संगीत नाही, कोणी समजावून सांगणारा आवाज नाही. बारा तासांची पाळी, कर्ज काढून लांबच्या राज्यातून आलेले कामगार, आणि आपल्या ऑफिसात बसून सीसीटीव्हीवर बघत मालक सांगतो की पोट भरलं की कामगाराचं कामात लक्ष राहत नाही, अशा अर्थाचं. हे ऐकून मला अक्कलकोट रोड एमआयडीसीतली किमान पाच माणसं आठवली, नावं घेत नाही, त्यातले दोन आमच्या नात्यात आहेत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सिनेमाच्या शेवटाकडे कामगार कॅमेऱ्यासमोर गोळा होतात आणि दिग्दर्शकालाच धरतात. तुम्ही येता, विचारता, आणि नेत्यांसारखे निघून जाता, आमचं काय होणार, आम्ही काय करावं ते तरी सांगा. म्हणजे जो प्रश्न आमच्या ग्रुपवर एसीत बसून विचारला जातो तो त्या कारखान्यातल्या माणसांनी आधीच विचारून ठेवलाय आणि दिग्दर्शकानं तो कापला नाही, स्वतःविरुद्ध असून ठेवला. गरिबी विकणाऱ्याला हे ठेवायची काय गरज होती? आणि हा सिनेमा शेफील्डमधे मी बघितला, माझ्या शेजारी एक आजी होत्या ज्यांचे वडील स्टीलच्या भट्टीवर होते, त्यांनी पण बघितला, आणि ज्या सोलापुरात आजही माग चालतात, डाईंग चालतं, तिथं माझ्या ओळखीत एकानंही बघितलेला नाही. नावसुद्धा ऐकलेलं नाही. राग यायचाच असेल तर मला याचा येतो.

आणि गोऱ्यांना फक्त दुसऱ्याची गरिबी आवडते हे तर अजिबातच नाही. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचच्या 'आय, डॅनियल ब्लेक'ला 2016 ला कानचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, तो पूर्ण इंग्लंडमधल्याच गरिबीवर आहे, हृदयविकारानंतर डॉक्टर काम करू नको म्हणतात आणि सरकारी ऑफिस म्हणतं तू काम करायला फिट आहेस, असा एक सुतार, आणि फूड बँकेत भुकेनं डबा तिथंच फोडून खाणारी एक आई. तेव्हा इथं काय झालं माहितीये? सत्ताधारी पक्षाचे माजी मंत्री म्हणाले सिनेमा एकतर्फी आहे, अन्यायकारक आहे, काहींनी लिहिलं असं प्रत्यक्षात नसतंच. हुबेहूब आपल्याकडचं 'देशाची बदनामी'. फरक एवढाच की तो सिनेमा लागत राहिला, थिएटरात लागला, कम्युनिटी हॉलमधे लागला, लोकांनी बघून भांडण केलं. आपल्याकडे न बघताच भांडण होतं, कारण बघायला मिळतच नाही.

'संतोष'चं उदाहरण तर ताजंच आहे. हिंदी सिनेमा, उत्तर भारतातली गोष्ट, नवऱ्याच्या जागी पोलिसात लागलेली एक विधवा बाई, शहाना गोस्वामी आहे त्यात. दिग्दर्शिका संध्या सूरी ब्रिटिश असल्यामुळे ब्रिटननं हा हिंदी सिनेमा स्वतःचा म्हणून ऑस्करला पाठवला आणि तो निवडक पंधरात पोचला पण. मी तो इथं तिकीट काढून बघितला. सोलापुरातल्या माझ्या बहिणीला तो थिएटरात बघता आला नाही, कारण सेन्सॉर बोर्डानं सुचवलेले कट इतके होते की दिग्दर्शिका म्हणाली एवढं कापून सिनेमा उरणारच नाही. हिंदी समजणारी बहीण तिकडं आणि सबटायटल वाचणारी गोरी मंडळी इकडं, आणि सिनेमा इकडं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पायल कपाडियाच्या सिनेमाचं पण तसंच. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला 2024 ला कानला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसरा मोठा पुरस्कार, मिळालं, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. आपल्याकडून मात्र ऑस्करला दुसराच सिनेमा गेला, ठीक आहे, निवड आहे, होतं असं, पण निवड समितीला म्हणे वाटलं की हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा आहे. अहो त्यात आपल्या छाया कदमनं केलेली पार्वती आहे, गिरणी कामगाराची विधवा, हॉस्पिटलात स्वयंपाक करते, बिल्डर घर पाडायला टपलेला आणि तिच्याकडे नवऱ्याच्या नावाचा एक कागद नाही की हे घर आमचं आहे. शेवटी ती गाव गाठते, रत्नागिरीकडे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या सोलापूरच्या कापड गिरण्यांच्या चाळींमधे ज्यांचं बालपण गेलं त्यांना विचारा हे युरोपियन वाटतं का. कागद नसलेली बाई सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही.

आता दुसरा मुद्दा, पब्लिकला झेपत नाही हा, जो मला जास्त खटकतो कारण तो बोलणारे आपलेच. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'सैराट' केला, तो फेब्रुवारी 2016 ला बर्लिनच्या फेस्टिवलमधे दाखवला गेला, तिथल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि एप्रिलअखेर तोच सिनेमा, तोच, एक सीन न बदलता, आपल्याकडे लागला तेव्हा काय झालं ते सांगायला नको. पडद्यापुढे नाचले ते पण सोलापूरकर आणि शेवटच्या सीनला आवाज बंद झाला ते पण सोलापूरकर. अकलूजच्या रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारात नाव मिळालं तेव्हा पूर्ण जिल्हा फुगला होता. मग कुठल्या पब्लिकला झेपत नाही? बरं, सबटायटलचा कंटाळा म्हणाल तर आपल्या गावात अशोक चौकापासून निघालं की तेलुगू, मग कन्नड, उर्दू, मराठी, एका रिक्षात चार भाषा बसतात. तेलुगू सिनेमा आपल्याकडे मूळ तेलुगूत लागतो आणि ज्यांना येत नाही ते पण जाऊन शिट्ट्या मारून येतात. जगात कुठल्या पब्लिकला परकी भाषा कमी टोचत असेल तर ती आपल्याच.

खरी अडचण फेस्टिवल ते थिएटर या मधल्या रस्त्याची आहे. पुरस्कारप्राप्त सिनेमा लागतो तरी कसा, एका मल्टिप्लेक्सला, सकाळी साडेअकराचा किंवा दुपारचा एकच शो, तोही गुरुवारपर्यंत, कारण शुक्रवारी मोठं काहीतरी येतं. नोकरीवाला माणूस कधी जाणार? मराठी सिनेमाला प्राईम टाइम द्यायचा निर्णय 2015 ला झाला होता, नंतर ती वेळच ताणून दुपारी 12 ते रात्री 9 झाली, म्हणजे दुपारचा शो दाखवून नियम पाळल्याचं समाधान. आणि डॉक्युमेंट्रीचं तर बोलायलाच नको. पूर्वी टॉकीजमधे मेन पिक्चरच्या आधी सरकारी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील सक्तीनं असायची, माझे बाबा सांगायचे की लोक मुद्दाम ती संपल्यावर आत शिरायचे. सक्तीनं गोडी लागत नाही हे तेव्हाच कळलंय. पण सक्ती गेल्यावर तिच्या जागी काहीच आलं नाही. दूरदर्शन कधीकाळी करू शकलं असतं, पण आनंद पटवर्धनांसारख्या माणसाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली डॉक्युमेंट्री दूरदर्शनवर दाखवून घेण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं होतं.

इकडे सगळं छान आहे असं समजू नका. मी दुपारच्या शोला गेले की हॉलमधे पांढरे केसच जास्त, तरुण पोरं मोबाईलवरच. एडिनबर्गचं नावाजलेलं फिल्महाऊस थिएटर 2022 ला पैशाअभावी एका दिवसात बंद पडलं, लोकांनी वर्गणी आणि खटपट करून ते 2025 ला परत उघडलं. म्हणजे गोऱ्यांच्या रक्तात काही सिनेमाची आवड नाही. फरक पैशाचा आणि इमारतीचा आहे. राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातला वाटा सिनेमाला जातो, शोरूमसारखं थिएटर धंदा म्हणून नाही तर धर्मादाय संस्था म्हणून चालतं, बीबीसीला जगभरच्या डॉक्युमेंट्री दाखवायचा एक कायमचा कार्यक्रम आहे, आणि त्या बीबीसीसाठी घरटी वर्षाला लायसन्स फी भरावी लागते, 2025 ला ती 174 पौंडाच्या वर होती, मी पण भरते, कुरकुर करत भरते. आपल्याकडे सरकार मराठी सिनेमा बनवायला लाखांत अनुदान देतं, पण तो बार्शीत नाहीतर सांगोल्यात कुठं दाखवायचा यावर कोणी बोलत नाही. बनवायला पैसे आणि दाखवायला जागा नाही.

लहान असण्याची अडचण आहे असंही म्हणू नका. लाटव्हिया नावाचा देश आहे, पूर्ण देशाची लोकसंख्या विसेक लाखाच्या आत, आपला सोलापूर जिल्हा 2011 च्या जनगणनेत 43 लाखाच्या वर होता. तिथल्या गिंट्स झिल्बालोडिसनं फुकटात मिळणाऱ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर 'फ्लो' हा ॲनिमेशन सिनेमा बनवला, एक मांजर आणि पूर, संवाद एक नाही, आणि 2025 ला त्याला ऑस्कर मिळालं. लाटव्हियाचं ते पहिलं ऑस्कर. पण मला जास्त भारी हे वाटलं की त्या देशात थिएटरात जाऊन सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेला सिनेमा तोच ठरला, मिळालेलं गोल्डन ग्लोब त्यांनी म्युझियममधे ठेवलं तर बघायला रांगा लागल्या. आणि आपण? डॉ. कोटणीस आपल्या गावचे, त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी 1946 ला सिनेमा केला, तो गावात शेवटचा कधी दाखवला गेला ते विचारून बघा घरच्या मोठ्यांना.

पुण्यातल्या मित्राचं म्हणणं आहे की हे सगळं आता ओटीटीवर येतं, थिएटर कशाला. येतं, काही येतं, पण तिथं शोधायला आधी नाव माहीत पाहिजे, आणि एकटीनं मोबाईलवर बघितलेल्या 'मशीन्स'वर भांडणार कोणाशी? आमच्या कॉलनीत विहिरीवर बायका भांडायच्या तसं समोरासमोर भांडण व्हायला हॉल लागतो.

मी या डिसेंबरला येतेय, गड्ड्याच्या जत्रेपर्यंत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेपर्यंत आहे. 'मशीन्स'च्या वितरकाला सार्वजनिक शोच्या परवानगीसाठी मेल टाकलाय, पेनड्राईव्हवर कुठून तरी आणून दाखवायचा नाही, ते पैसे दिग्दर्शकाचे आहेत. हिंदीच आहे, सबटायटलचा प्रश्न नाही. एमआयडीसीत ज्याचं शेड रिकामं असतं त्यानं एक संध्याकाळ द्यावी, पाळी सुटायच्या वेळेला ठेवू म्हणजे मागावरची माणसं पण येतील, मालक आले तर त्यांना पण बसवू, पुढच्या रांगेत. तिकीट नको, चहा माझ्याकडून. शेड कोण देतंय ते आधी कळवा, मग तारीख ठरवू.