खुलासा: क्वामे ब्राऊन दोन वर्षांत संपला नव्हता

आपल्या बास्केटबॉल ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की २००१ला शाळेतून थेट एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या नंबरला घेतलेला क्वामे ब्राऊन दोन वर्षांत लीगबाहेर फेकला गेला. गेल्या आठवड्यात मीपण तो न तपासता पुढे ढकलला होता, चूक झाली, माफ करा.

काल एनबीएचं सीझनवार रेकॉर्ड उघडून एकेक ओळ बघितली. गडी १२ सीझन खेळलाय, सात टीम, ६०७ मॅचेस! विझार्ड्सपासून सुरुवात, मग लेकर्स वगैरे करत २०१२-१३ला सिक्सर्सकडे शेवट. आणि २००३-०४ला सॅक्रामेंटो किंग्सविरुद्ध त्याने एकाच मॅचमध्ये ३० पॉइंट आणि १९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) काढलेत, संपलेल्या माणसाचे आकडे असतात का हे?

आता पहिल्या नंबरकडून जी अपेक्षा होती ती पूर्ण झाली नाही हे खरंच आहे, करिअरची सरासरी ६.६ पॉइंटच, पण मायकेल जॉर्डन टीमचा कारभार बघत असताना निवडलेलं १९ वर्षांचं पोरगं, केवढं ओझं असेल त्याच्यावर. तर तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.