पोलरॉइडचा फोटो झटकल्याने लवकर उमटत नाही

पोलरॉइडचा, म्हणजे जागीच छापून देणाऱ्या कॅमेऱ्याचा, फोटो बाहेर आला की तो हातात धरून जोरजोरात हलवावा, म्हणजे हवा लागून रसायन वाळते आणि रंग लवकर उमटतात. खालची रुंद पांढरी पट्टी तर केवळ धरण्यासाठी आणि तारीख लिहिण्यासाठी असते, असा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. यातले एकही विधान खरे नाही, आणि त्यापायी महागडी फिल्म वाया जाते, म्हणून हे उत्तर.

आधी हवेचे पाहू. 1972 साली एसएक्स-70 कॅमेऱ्याबरोबर आलेल्या फिल्मपासून हे चित्र दोन प्लास्टिक पापुद्र्यांच्या आत बंद असते. तिथे बाहेरची हवा पोहोचतच नाही. शिवाय रंग सरकतात ते ओल्या रसायनातूनच, तेव्हा वाळण्याने ते उमटतील कसे?

पांढऱ्या पट्टीत त्या रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्यातील दोन रूळ ती फोडतात आणि आतला दाट लेप थरांमध्ये सारखा पसरवतात. त्यात पोटॅशिअम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्क आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी असते. मी एका बिघडलेल्या फोटोच्या कडा हातमोजे घालून कापल्या आणि वरचा पापुद्रा कोमट पाण्यात धरला, तेव्हा मऊ ब्रशने हा पांढरा लेप ओल्या चुन्यासारखा सुटून आला आणि चित्राचा पातळ पडदा तेवढा राहिला.

खरी किमया त्या लेपाखाली घडते. निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या चांदीच्या क्षारांचे, तीन थर एकाखाली एक असतात, आणि प्रत्येकाखाली अनुक्रमे पिवळे, किरमिजी आणि निळसर-हिरवे रंगद्रव्य असते. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांचे सहकारी हॉवर्ड रॉजर्स यांची कल्पना अशी की रंग आणि विकासक (चित्र उमटवणारे रसायन) एकाच रेणूत जोडावेत. 1963 च्या पोलाकलर फिल्ममध्ये ती प्रथम बाजारात आली. हिरव्या पानाचा फोटो घ्या. पानाच्या जागी हिरव्या प्रकाशाचा थर जागा होतो आणि तिथले किरमिजी द्रव्य चांदीशी अभिक्रिया करून जागीच अडकते. पिवळे आणि निळसर-हिरवे द्रव्य मात्र मोकळे असल्याने रंग धरून ठेवणाऱ्या वरच्या थरात जाऊन बसते, आणि दोन्ही मिळून आपल्याला पान हिरवे दिसते. शेवटी एक आम्लथर अल्काला शमवून सामू (pH) खाली आणतो आणि ही हालचाल थांबते. मनगटाच्या झटक्याने यातला कोणताही टप्पा वेगाने होत नाही. उलट लेप पसरलेला असताना थर वेळेआधी सुटे होऊन चित्रावर डाग पडू शकतात. 2004 मध्ये खुद्द पोलरॉइड कंपनीने तसा इशारा दिला होता.

ही सवय आली कुठून, हे मात्र समजण्यासारखे आहे. जुन्या कृष्णधवल फिल्मचा कागद सोलून काढावा लागे, त्यावर संरक्षक द्रव फिरवावा लागे, आणि तो ओला कागद लोक हलवून वाळवत. फिल्म बदलली, सवय राहिली.

वेगावर आणि रंगावर परिणाम करते ते तापमान. आजच्या पोलरॉइड फिल्मला 13 ते 28 अंश सेल्सिअस मानवते. थंडीत चित्र फिके आणि हिरवट येते, उन्हाळ्यात पिवळट-गुलाबी. म्हणून फोटो बाहेर येताच उजेडापासून झाकून पालथा ठेवावा, थंडीत खिशात उबेला ठेवावा, आणि रंगीत फिल्मला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत.