‘वेळीच बाहेर का नाही पडली?’ असं विचारणाऱ्यांसाठी

सासरच्या छळाने एखाद्या बाईचा जीव गेल्याची बातमी आली की तिच्याखाली प्रतिक्रियांची रांग लागते. शिकलेली होती ना? कमावती होती ना? मग वेळीच बाहेर का नाही पडली? मला आता या प्रश्नाचा राग येतो. विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी अशा बाईला पोरांसकट आपल्या घरात आठ दिवस ठेवून घेतलंय? किती जणांनी आपला बंद पडलेला फ्लॅट तिला भाड्याने दिलाय?

मी एका महिला समुपदेशन केंद्रात मदतीला जाते. येणारी बाई मार सांगते, शिव्या सांगते, संशय सांगते. उठताना मात्र दाराशी थांबून जे विचारते ते बहुतेक वेळा जागेबद्दल असतं. केस, पोटगी, तारखा हे सगळं पुढचं. आज रात्री पोरं घेऊन झोपायचं कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितल्याचं दिसलं. बाकीच्या गप्प राहिल्या त्यामागे लाज आहे, भीती आहे, पोरांची काळजी आहे. पण बाई छळ सोसत राहते त्याचं सगळ्यात मोठं कारण तिच्या सोशिक स्वभावात नाही, तिला दुसरं छप्पर नसण्यात आहे, असं माझं ठाम मत झालंय.

म्हणून आधी हे सांगते की घर सोडलंच पाहिजे असं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे बाई ज्या घरात नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतात, घर विकायला मनाई करू शकतात आणि मारणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. (सासू-नणंदेला असं बाहेर काढता येत नाही, एवढा अपवाद आहे.) ते शक्य नसेल तर तशाच दर्जाची दुसरी जागा द्या नाहीतर भाडं भरा, असंही सांगता येतं. आदेश अमलात आणायला पोलिसांची मदत देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपल्याकडे बाई भांडी-कपडे पिशवीत भरून निघते आणि मारणारा त्याच पलंगावर झोपतो, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरलीय की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नाही.

‘घर आईच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. ते म्हणणाऱ्यांना बरीच वर्षं आधारही होता. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क सांगता येत नाही असं धरलं होतं. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. सून जिथे संसार म्हणून राहिली ते घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी तिच्या हक्काच्या कक्षेत येतं. हा हक्क अमर्याद नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालय करतं आणि तो करायलाच हवा. पण ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करून सुनेला परस्पर रस्त्यावर काढायची जी पळवाट काही घरांनी शोधली होती, तिच्यावरही त्याच वर्षी १५ डिसेंबरला एस. वनिता प्रकरणात न्यायालयाने बंधन घातलं.

हा कायदा फक्त लग्नाच्या बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा भावजय, लग्नाशिवाय संसार केलेली बाई, यांनाही तो आहे. मुलगा मारतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना आपल्यासाठी काही कायदा असेल हे कुणी सांगितलेलंच नसतं.

अर्ज कुठे करायचा? तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जा किंवा थेट न्यायालयात. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सांगितलंय. लग्न सांगलीत, नांदली पुण्यात आणि आता तात्पुरती मावशीकडे नाशकात, तर नाशकातही अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्नाची कुठलीही अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, तेही सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. त्यांचा फोन १५१००. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत द्या, अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात महिने जातात, हे मी लपवणार नाही. म्हणूनच पहिल्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागायला वकिलाला सांगा, आग्रह धरून सांगा.

पण जीवाला धोका असेल तर हक्काची वाट बघत त्या घरात बसायचं नाही. ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करायचा, नाहीतर १८१ या महिला हेल्पलाइनला. १८१ वरून जवळच्या वन स्टॉप सेंटरशी, म्हणजे सखी केंद्राशी, गाठ घालून देतात. २०१५ पासून ही केंद्रं सुरू झाली. एकाच ठिकाणी डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा, अशी कल्पना. कल्पना उत्तमच आहे. फक्त तो निवारा साधारण पाच दिवसांचा. त्यापुढे शक्ती सदन, ज्याला पूर्वी स्वाधार गृह म्हणायचे, किंवा शासकीय महिला राज्यगृह. नोकरी करणारीसाठी सखी निवास हे वसतिगृह, तिथे जागा असेल तर.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण निवारागृहाचं नाव काढलं की बायका मान हलवतात आणि त्यांचं चुकत नाही. बऱ्याच ठिकाणी मोठ्या मुलाला आईबरोबर घेत नाहीत. बारा-चौदा वर्षांचा मुलगा, जो आईच्या मध्ये पडून मार खातो, त्याला टाकून ती कशी येईल? (म्हणून जाण्याआधी फोनवर मुलाचं वय सांगून विचारून घ्या.) कुठे फोन काढून घेतात, कुठे बाहेर जायला परवानगी लागते. रात्रपाळी करणाऱ्या नर्सने किंवा पहाटे डबे करून देणाऱ्या बाईने तिथे राहून काम कसं टिकवायचं? गुन्हा तिने केलेला नाही आणि दाराला कुलूप मात्र तिच्या. सुरक्षितता हवीच, पण तिची कमाई तोडणारी सुरक्षितता तिला फिरून त्याच घराच्या दारात नेऊन उभी करते.

आणि हे राज्य कुठलं आहे? १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्या काळच्या समाजाचा रोष पत्करून या माणसांनी दारं उघडली. आज आपल्याकडे कायदा आहे, बजेट आहे, मंत्रालय आहे. मग चौदा वर्षांच्या पोरासकट आईला घेणारं एक चांगलं घर प्रत्येक जिल्ह्यात का असू नये? स्थानिक आमदाराला रस्त्याबद्दल विचारतो तसं हे विचारलं पाहिजे.

भाड्याच्या जागेचं वेगळंच. आमच्याकडे आलेली एक बाई, पगार बरा, डिपॉझिट हातात. एजंटने जागा दाखवली, मालकाला ती भाडेकरू म्हणून पसंत पडली, मग सोसायटीतून निरोप आला की फॅमिलीलाच देतो. ती आणि तिच्या दोन मुली ही फॅमिली नव्हती म्हणे. नवऱ्याचं आधार कार्ड मागितलं. ज्याच्यापासून पत्ता लपवायचा त्याचंच कार्ड! तुमच्यापैकी अनेक जण सोसायटीच्या कमिटीवर आहात. अशा वेळी मीटिंगमध्ये एक जण जरी बोलला तरी चित्र पालटतं, हे मी पाहिलंय.

निघायचं मनात असेल तर काही गोष्टी आधीच गुपचूप करून ठेवा. आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांचे फोटो, सगळ्याची चित्रं विश्वासातल्या एखादीला पाठवून आपल्या फोनमधून पुसून टाका. फोनवरचं लोकेशन शेअरिंग बंद आहे का ते बघा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपरवर खरं कारण लिहून घ्या, ‘जिन्यावरून पडले’ नको. पोलीस ‘घरातलं आहे, मिटवून घ्या’ म्हणून एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, भागवत असतील तर तिची प्रत तरी घ्याच. आणि शाळा सोडल्याचा दाखला बाप अडवतो म्हणून पोरांची शाळा बुडवू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत, दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

राहिलं माहेर. यावर बोलायला सगळ्यात अवघड जातं. आपल्याकडे वडील गेले की काही महिन्यांत बहिणींना तलाठ्याकडे, नाहीतर दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. तरी बहिणी सही करतात, आणि आनंदाने करतात, कारण त्यांना वाटतं वाटा सोडला की माहेर टिकेल. भाऊबीजेला पाट मांडला जाईल, बाळंतपणाला हक्काने येता येईल. मग एक दिवस ती खरंच सुटकेस घेऊन येते. चार दिवस सगळे गोड असतात. पाचव्या दिवशी भावजय विचारते, आता पुढे काय ठरवलंय? भावजयीला मी दोष देत नाही, तीही त्या घरात दुसऱ्याच्याच जोरावर उभी आहे. पण या बाईकडे आता सासरचं घर नाही, माहेरचा वाटा नाही, आणि दोन्हीकडे तिने समंजसपणा दाखवलेला आहे.

माझी भावांना विनंती आहे, आणि जे आईबाप अजून हयात आहेत त्यांना जास्त. मुलीचा वाटा तिला द्या. तिला नकोच असेल, तिने मनापासून सोडायचं ठरवलं असेल, तर निदान वाटणीपत्रात नाहीतर मृत्युपत्रात एक ओळ घाला, की या घरातल्या अमुक खोलीत राहण्याचा तिला हयातभर हक्क राहील, तिची मुलं तिच्यासोबत राहतील आणि तिला कुणी बाहेर काढू शकणार नाही. खोलीचं वर्णन नीट करा, नकाशा जोडा, कागद नोंदवून घ्या. वकिलाला विचारा, असं लिहून मिळतं.