फोमची टाकी कशी जपावी

आपल्या कारखान्यात पेट्रोल, टोल्युइन किंवा अल्कोहोल पिंपांनी साठवलेले असेल आणि विमा कंपनीने फोम स्प्रिंकलरचा हट्टच धरला असेल, तर आपण मुळीच घाबरू नये. ही यंत्रणा बसवणे खर्चिक असले तरी ती निकामी ठेवणे अत्यंत सोपे आहे.

खरेदीच्या वेळी विक्रेता सांगेल की पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे नुसते पाणी मारले तर ते पेटत्या अवस्थेत पाण्यावर तरंगत शेजारच्या पिंपांपर्यंत जाऊ शकते. फोम मात्र इंधनावर पसरून वाफा दाबतो आणि हवेला आत येऊ देत नाही. इथपर्यंत मान डोलवावी. पुढे तो म्हणेल की अल्कोहोल, ॲसिटोन यांसारखी पाण्यात मिसळणारी द्रव्ये साध्या फोममधले पाणी ओढून घेतात, थर बघता बघता विरतो आणि म्हणून त्यांच्यासाठी अल्कोहोलरोधक फोमच लागतो. येथे घड्याळाकडे पाहावे आणि सर्वांत स्वस्त फोम कोणता, एवढेच विचारावे. दोहोंतला फरक आगीला कळतो, खरेदी विभागाला कळण्याचे कारण नाही.

मग आकडेमोड येते. बंद तोंडाच्या फोम-पाणी स्प्रिंकलरसाठी अमेरिकेच्या एनएफपीए १६ या मानकाने दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे ६.५ लिटर द्रावण, ४६५ चौरस मीटर क्षेत्र आणि किमान १० मिनिटे असा हिशेब घालून दिला होता. ३ टक्क्यांच्या फोमसाठी, म्हणजे द्रावणात ३ टक्के कॉन्सन्ट्रेट (फोमचा मूळ अर्क) आणि बाकी पाणी असेल तर, सुमारे ९०७ लिटर कॉन्सन्ट्रेट झाले. आपली आग पाच मिनिटांतच विझेल असे एकदा गृहीत धरले की हा साठा निम्म्यावर येतो. आग आपल्याच आवारातली असल्यामुळे ती आपले ऐकेल, यात शंका घेऊ नये.

आता ब्लॅडर टँककडे वळू, कारण खरी संधी तेथे आहे. या टाकीच्या आत रबरी पिशवी असते, पिशवीत कॉन्सन्ट्रेट असते आणि बाहेरून येणारे पाणी पिशवी दाबून कॉन्सन्ट्रेट प्रोपोर्शनरकडे, म्हणजे ते पाण्यात ठरल्या प्रमाणात मिसळणाऱ्या उपकरणाकडे, ढकलते. पिशवी फाटली तर पाणी आत शिरून सगळे पातळ होते, टाकी मात्र बाहेरून तशीच तुडुंब, रंगवलेली आणि पाटी लावलेली दिसते. तपासनिसाला टाकी दाखवायची ती याच रूपाच्या जोरावर; म्हणून वर्षातून एकदा कॉन्सन्ट्रेटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची घाई करू नये. फोम प्रत्यक्ष सोडून रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वळतो यावरून मिश्रण मोजणाऱ्या उपकरणाने) त्यातले कॉन्सन्ट्रेटचे प्रमाण तपासण्याचा प्रस्ताव आला, तर फरशी खराब होईल हे कारण पुरेसे आहे. कॉन्सन्ट्रेटच्या नळीवरचा व्हॉल्व्ह तर बंदच राहू द्यावा. आग लागल्यावर स्प्रिंकलरमधून पाणी पडेलच, आणि फोम आला नाही हे त्या गडबडीत कोण पाहणार?

जुना फोम बदलण्याचा प्रश्नही असाच हाताळावा. घातक रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत २००९ साली पीएफओएस आणि २०१९ साली पीएफओए ही जुन्या फोममध्ये आढळणारी फ्लोरीनयुक्त रसायने आल्यापासून फ्लोरीनविरहित फोमकडे वळण्याची चर्चा आहे. नवा फोम इंधनावर जुन्यासारखा पातळ पापुद्रा धरत नाही, अनेकदा जास्त दाट असतो, त्यामुळे प्रोपोर्शनर आणि स्प्रिंकलर त्याच फोमसोबत तपासलेले असावे लागतात, असे जाणकार म्हणतात. आपण मात्र जुना अर्धा तसाच ठेवून वर नवा ओतावा. दोन्हींचा मिळून टाकीत चिकट गोळा झाला, तर तो गळण्याची भीती तरी राहत नाही.

शेवटी सांडपाणी. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला लागलेल्या आगीत विझवण्याचे पाणी कीटकनाशके घेऊन ऱ्हाइन नदीत गेले, नदी लाल झाली आणि मासे मोठ्या संख्येने मेले. तेव्हापासून आगीचे पाणी अडवण्यासाठी खड्डा बांधण्याचा आग्रह फारच वाढला आहे. खड्डा जरूर बांधावा, त्यात गंजलेली पिंपे आणि मोडके पॅलेट ठेवावेत, तपासणीच्या आदल्या दिवशी तो रिकामा करून स्वच्छ फोटो काढावा आणि अधिकारी फाटकाबाहेर पडले की सगळे पुन्हा आत टाकावे.