टोन नॉब खाली केला की झालं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स. बास गिटारचा आवाज वॉर्म, म्हणजे मऊ आणि गोल, कसा करायचा या माझ्या पोस्टवर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की टोन नॉब (आवाजातला तीक्ष्णपणा कमी करणारं बटण) खाली केला की बास आपोआप वॉर्म होतो, मग फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांच्या नादाला लावून लोकांना खर्चात कशाला पाडता, आणि वर हा असला मऊ आवाज बँडमध्ये ऐकूच येत नाही. मला हे पटत नाही, का ते सांगतो.

नॉब काय करतो बघा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बासमध्ये आत एक कपॅसिटर असतो, बऱ्याचदा ०.०४७ मायक्रोफॅरडचा, तो ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग, ग्राउंडला नेऊन सोडतो. म्हणजे तारेतून जे निघालं त्यातलं वरचं नंतर कापलं जातं, सरसकट, त्यात फ्रेटवरची खडखड जाते तशी नोट ओळखू येण्यासाठी लागणारी धारही जाते. नव्या कोऱ्या स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा आणि नॉब शून्यावर, हा आवाज मला तरी वॉर्म वाटत नाही, कोंदट वाटतो. फ्लॅटवाउंडमध्ये तारच वेगळी वाजते, सुरुवातीचा ठोका शिल्लक राहतो आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराबरोबर उठणारे उंच उपस्वर) लवकर विरतात, बोटांची घसरही जवळजवळ नाही, म्हणून टोन उघडा ठेवूनसुद्धा आवाज गोलच येतो. हां, स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोकून) वाजवणाऱ्यांसाठी त्या नाहीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण खर्चाचं म्हणाल तर त्याच पोस्टमध्ये मी तारांच्या आधी उजव्या हाताबद्दल लिहिलंय आणि त्याला पैसे लागत नाहीत. आता लगेच करून बघा, टोन पूर्ण उघडा, ए तारेवर पाचव्या फ्रेटचा डी धरा आणि ब्रिजजवळ छेडा, मग तोच हात सरकवत नेक जिथे संपतो तिथे आणा. आवाज केवढा बदलतो! ब्रिजजवळ वरचे हार्मोनिक्स जास्त उठतात, नेककडे मूळ स्वर भरतो. आता तोच डी ई तारेवर दहाव्या फ्रेटला वाजवा, जाड तार आणि कमी लांबी, आणखी गडद येईल, आणि नॉबला तुम्ही अजून हातही लावलेला नाही. बोटाच्या टोकाऐवजी गादीने, हलक्या हाताने वाजवलंत तर अजून फरक पडतो, जोरात खेचलं की तार फ्रेटवर आपटणारच आणि ती खडखड मग ईक्यूने (आवाजातले वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या नॉब्सनी) काढत बसावी लागते.

दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची बारीक पट्टी. नुसती टेकली पाहिजे, दाबली गेली की नोट मरते.

राहिला बँडमध्ये ऐकू न येण्याचा मुद्दा. बासवादक जेम्स जेमर्सनचं मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीतलं काम ऐका. १९६२ चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास, फ्लॅटवाउंड तारा ज्या तो तुटल्याशिवाय बदलायचा नाही, ब्रिज कव्हरखाली फोम, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. ब्रास, स्ट्रिंग्ज, दोन-तीन गिटार, सगळं एकत्र वाजत असतानाही त्याची एकेक नोट मोजता येते. वॉर्म आवाज हरवतो तो बहुतेक वेळा ईक्यूमुळे, लोक वॉर्म म्हणून अ‍ॅम्पचा बास नॉब फिरवतात आणि मिड (मधला पट्टा) काढून टाकतात. खुली ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, लहान स्पीकर ते धड वाजवतच नाहीत, कान ती नोट ८२, १२३ अशा वरच्या हार्मोनिक्सवरून ओळखतो. त्यामुळे ५०-६० हर्ट्झ वाढवून हाती येतो फक्त किक ड्रमशी मारामारीचा गोंगाट. उलट तिथे थोडं कमी करा, २०० ते ३०० च्या पट्ट्यात किंचित वाढवा, ७००-८०० ला हात लावू नका कारण नोट कुठली ते तिथून कळतं, आणि स्पीकर कॅबिनेटला ट्वीटर (उंच आवाजासाठीचा छोटा स्पीकर) असेल तर तो बंद करा. हे घरी एकट्याने वाजवून ठरवू नका मात्र, ड्रमर वाजवत असताना ठरवा.

तुमचा बास कुठला ते कमेंटमध्ये नाहीये. जॅझ टाइप (फेंडर जॅझ बाससारखा, दोन पिकअपचा) असेल तर तारा घ्यायच्या आधी ब्रिज पिकअपचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून वाजवून बघा आणि कसं वाटतं ते इथेच लिहा. फ्लॅट्स लावायचं ठरवलंतच तर त्यांचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, तेव्हा नेकचा बाक तपासून ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) सेट करून घ्या.